शाई, सुरी आणि काच

घरी येणाऱ्या कोणत्याही रंगीत वर्तमानपत्राचे पान उलगडा आणि मजकूर संपतो त्याच्याही खाली, अगदी कडेला पाहा. बहुतेक वेळा तिथे निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चार बारके ठिपके सापडतील. ते वाचकासाठी नसतात, मशिनपाशी उभ्या असलेल्या माणसासाठी असतात. पानावरचा प्रत्येक रंग, मग ती क्रिकेटच्या मैदानाची हिरवळ असो की साडीच्या जाहिरातीतला जांभळा काठ, याच चार शायांतून निघालेला असतो. चार शायांच्या चार प्लेटा असतात आणि कागदावर त्यांचे ठसे एकामागून एक उमटतात. एखादी प्लेट केसभर सरकली की पुढाऱ्याच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरते आणि मथळ्याच्या अक्षरांना गुलाबी सावली फुटते. ठिपके ठरल्या जागी आहेत ना, एवढे पाहून मशिनमन ओळखतो की चारही रंग एकमेकांवर नीट बसले आहेत. या बसण्याला छपाईत ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात.

ग्राफिक डिझाइन आणि वेब डिझाइन म्हटले की असे पुष्कळ शब्द अंगावर येतात: सीएमवायके, आरजीबी, डीपीआय, ब्लीड, व्हेक्टर, केर्निंग, रिस्पॉन्सिव्ह. ऐकणाऱ्याला वाटते, ही कलावंतांची गूढ भाषा आहे. मला तसे वाटत नाही. यातले जवळजवळ सगळे शब्द कशाच्या तरी अडेलपणातून आले आहेत. शाई कागदात पसरते, सुरी थोडी इकडेतिकडे होते, काचेतला उजेड कागदावर उतरत नाही. त्या त्या अडचणीवर कारागिरांनी तोडगा काढला आणि तोडग्याला नाव पडले. अडचण समजली की नाव पाठ करावे लागत नाही. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, दिवाळी अंकातली जाहिरात किंवा संस्थेचे संकेतस्थळ पैसे मोजून करून घेणाऱ्याला इतपत समजलेले बरे.

रंगापासून सुरुवात करू, कारण गिऱ्हाईक आणि डिझायनर यांची सर्वाधिक भांडणे इथेच होतात. मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा स्वतः उजेड टाकतो. त्याच्या प्रत्येक बारीक चौकटीत, म्हणजे पिक्सेलमध्ये, तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. एकही पेटला नाही तर काळे दिसते, तिन्ही पूर्ण पेटले तर पांढरे. हीच आरजीबी पद्धत. प्रत्येक दिव्याच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या धरल्या की एकूण १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. संकेतस्थळ बनवणारे हे रंग सहा खुणांच्या क्रमांकाने लिहितात. ‘एफएफ९९३३’ म्हणजे तांबडा पूर्ण २५५, हिरवा १५३ आणि निळा ५१. तिघे मिळून केशरी. ही सोळावर आधारलेली मोजणी आहे. ० ते ९ संपले की पुढचे सहा अंक ए ते एफ या अक्षरांनी लिहायचे, एवढीच त्यातली मेख.

कागदाचे सगळे उलटे. कागद उजेड देत नाही. खोलीतल्या उजेडाचा काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. म्हणून छपाईच्या मूळ शाया वेगळ्या: सायन हा आकाशी निळा, मजेंटा हा राणी रंगाच्या जवळचा, आणि पिवळा. तिन्ही एकत्र केल्या तर हिशेबाने काळा रंग यायला हवा, पण येतो तो मळकट तपकिरी, आणि शाईच्या तीन थरांनी कागद ओला राहतो. म्हणून चौथी, काळी शाई. सीएमवायकेमधला ‘के’ हा ‘की’ प्लेटचा, म्हणजे बाकीच्या प्लेटा जिच्याशी जुळवून घ्यायच्या त्या मुख्य प्लेटचा.

उजेडाने जेवढे रंग दाखवता येतात तेवढे सगळे या चार शायांना जमत नाहीत. झगझगीत भगवा, पोपटी आणि गर्द निळा हे त्यातले नेहमीचे बळी. पडद्यावर पाहून पसंत केलेला भगवा पत्रिकेवर विटलेला येतो, तेव्हा छापखान्याने शाईत काटकसर केली असे गिऱ्हाइकाला वाटते. वास्तविक तो रंग शाईच्या आवाक्यातच नसतो. या आवाक्याला ‘गॅमट’ म्हणतात. काम सुरू करतानाच फाइल सीएमवायकेमध्ये ठेवली तर निदान अपेक्षा जमिनीवर राहतात. रंगाशी तडजोड चालणारच नसेल, तर तो आधीच घोटून तयार केलेली पाचवी शाई वापरावी लागते. तिला ‘स्पॉट कलर’ म्हणतात. अमेरिकेतल्या पँटोन कंपनीने १९६३ मध्ये अशा शायांची क्रमांकवार नमुनापुस्तिका काढली आणि ‘जरा आणखी लालसर’ या भाषेतून व्यापाऱ्यांची सुटका केली. स्पॉट कलरला वेगळी प्लेट लागते, म्हणजे खर्च वाढतो. लहान कामात तो परवडत नाही.

काळ्या रंगाची एक गंमत सांगितली पाहिजे, कारण मराठी छपाईत तिचा फटका फार बसतो. पडद्यावरचा शुद्ध काळा फोटोशॉपच्या मूळ अमेरिकी सेटिंगप्रमाणे छपाईसाठी बदलला की त्याचे ७५ टक्के सायन, ६८ टक्के मजेंटा, ६७ टक्के पिवळा आणि ९० टक्के काळा असे चार तुकडे होतात. बेरीज ३०० टक्के! मोठ्या काळ्या पट्टीला हे शोभते. बारीक अक्षरांना मात्र चारही प्लेटा तंतोतंत जुळाव्या लागतात, आणि त्या तशा जुळत नाहीत. मग अनुस्वार भरून जातात, शिरोरेषेला रंगीत कडा येते आणि सगळा मजकूर धुरकट वाटतो. मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, बाकी तिन्ही शून्य. चांगला डीटीपीवाला हे न सांगता करतो.

आता ‘फोटो फुटतो’ या तक्रारीकडे. फोटो म्हणजे पिक्सेलांची जाळी. जाळीच्या कापडावर टाके मोजून केलेले भरतकाम ताणून मोठे केले तर नवे टाके येत नाहीत, होती ती भोके मोठी दिसतात, फोटोचेही तसेच. चांगल्या कागदावरच्या ऑफसेट छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात असा धंद्यातला रिवाज आहे. म्हणजे १,२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंच रुंद छापला तर छान येईल, पानभर केला तर फुटेल. डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती पिक्सेल याचा, आकडा फाइलमध्ये नुसता ७२ चा ३०० करून काही साधत नाही, पिक्सेल किती आहेत ते महत्त्वाचे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो, म्हणून छापायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फ्लेक्सला हा नियम लावायचा नाही. १० फुटांच्या फ्लेक्सला ३०० च्या हिशेबाने ३६,००० पिक्सेल लागतील आणि संगणक मान टाकेल. फ्लेक्स रस्त्यापलीकडून पाहतात, त्याला इंचाला ७२ पिक्सेलही पुष्कळ होतात.

फोटोला पर्याय नाही, पण बोधचिन्हाला आहे. रेषा कुठून कुठे जाते आणि वाटेत किती वळते, एवढेच गणिताने सांगितले तर तीच आकृती नखाएवढी किंवा इमारतीएवढी काढता येते, कडा तेवढीच धारदार राहते. ही व्हेक्टर पद्धत. तिच्यातल्या वळणांना ‘बेझिए कर्व्ह’ म्हणतात. १९६०च्या दशकात फ्रान्समधल्या रेनॉ या मोटार कंपनीचे अभियंते पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या पत्र्याची गोलाई मांडण्यासाठी ही वळणे वापरली आणि प्रसिद्ध केली. प्रतिस्पर्धी सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित आधी सोडवले होते, पण कंपनीने ते गुप्त ठेवले. पत्र्यासाठी शोधलेली ही रेषा आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक फॉन्टच्या पोटात आहे. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत ती पोहोचली मुख्यतः ‘कोरल’मधून. कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीने कोरलड्रॉ १९८९ मध्ये काढले आणि महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतल्या छपाईने त्याला असे घट्ट धरले की अजून सोडलेले नाही.

बोधचिन्ह चांगले की वाईट हे ठरवायची एक जुनी कसोटी मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते: त्याचा रबरी शिक्का होतो का? शिक्क्याला एकच रंग असतो, छटा नसतात, सावली नसते, जागा बोटभर. स्टेट बँकेचे निळ्या वर्तुळातले किल्लीच्या भोकासारखे चिन्ह १९७१ पासून पासबुकावर, पाटीवर आणि आता मोबाइलच्या चिमुकल्या चौकटीत सारखेच ओळखू येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते केले. उलट सोनेरी छटा, चकाकी आणि तीन प्रकारची अक्षरे घातलेले चिन्ह बिलबुकावर गेले की काळा डाग होतो.

सुरीची गोष्ट थोडक्यात. छापलेल्या कागदांची चळत कटिंग मशिनखाली ठेवतात आणि एका दाबात कापतात. चळतीतला प्रत्येक कागद सुताइतकाही सरकणार नाही असे होत नाही. पानाच्या कडेपर्यंत रंग हवा असेल आणि तो नेमका कडेपर्यंतच काढला असेल, तर कापल्यावर काही प्रतींना पांढरी किनार येते. म्हणून रंग कडेच्या बाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवतात, तो ‘ब्लीड’. तसाच आतल्या बाजूला मोकळा पट्टा सोडतात, म्हणजे फोन क्रमांकाचा शेवटचा आकडा सुरीखाली जात नाही. पानांचेही असेच. सेंटर पिनच्या पुस्तिकेत एका दुमडलेल्या कागदाची चार पाने होतात, त्यामुळे पानसंख्या चारच्या पटीत हवी. ‘अठरा पानी स्मरणिका’ असे काही नसते, वीस करा किंवा सोळा. कागदाचा जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. ए-४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमचा एक ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. टपालखर्चाचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो.

यानंतर येते अक्षर, आणि इथे मराठी माणसाने जरा रेंगाळले पाहिजे.

खिळ्यांच्या छपाईत इंग्रजी कंपोझिटरचे काम थोडक्या खिळ्यांत भागे. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी घडवलेली अक्षरे इतकी देखणी होती की देवनागरी म्हणजे निर्णयसागरी वळण असे समीकरण पुढे अनेक वर्षे टिकले. त्या छापखान्यांची मापे आजही संगणकात आहेत. ‘पॉइंट’ म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पण बारा पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे, अक्षर ज्यावर कोरले आहे त्या खिळ्याच्या अंगाची उंची. वरची मात्रा आणि खालचा उकार यांना त्या अंगात किती जागा सोडायची हे अक्षर घडवणारा ठरवतो, म्हणून एकाच बारा पॉइंटांत दोन मराठी फॉन्टांपैकी एक मोठा आणि एक बारका दिसतो. आकड्यावर विसंबू नये, छापून पाहावे.

दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून अंतर वाढवत. त्या अंतराला डिझायनर ‘लेडिंग’ म्हणतात आणि संकेतस्थळवाले ‘लाइन-हाइट’. रोमन लिपीला सोयीचे अंतर देवनागरीला पुरत नाही. वरच्या ओळीत ‘कृपादृष्टी’ आणि बरोबर तिच्याखाली ‘सौंदर्य’ आले की वरची ऋकाराची शेपटी खालच्या मात्रेत आणि अनुस्वारात अडकते. मोबाइलवर वाचायच्या मराठी मजकुराला अक्षराच्या दीडपट अंतर हे कमीत कमी धरावे, असे माझे मत. अनेक मराठी संकेतस्थळे वाचताना दम लागतो तो मजकुरामुळे नव्हे, या गर्दीमुळे.

दुसरा अत्याचार अक्षरांमधल्या अंतराचा. शब्दातली सगळी अक्षरे सारखी लांब-जवळ करण्याला ‘ट्रॅकिंग’ आणि दोन विशिष्ट अक्षरांमधले अंतर जुळवण्याला ‘केर्निंग’ म्हणतात. इंग्रजी मथळ्यात अक्षरे लांब लांब ठेवली की रुबाबदार दिसतात. तेच मराठीत केले की शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे चार तुकडे लोंबू लागतात. तरी सौंदर्य प्रसाधनांच्या आणि सदनिकांच्या जाहिरातींत हे सर्रास दिसते, कारण इंग्रजी जाहिरात आधी होते आणि मराठी तिच्यात नंतर ओतली जाते. तिरपी अक्षरेही तशीच. इटालिक ही रोमनची परंपरा, देवनागरीची नव्हे. संगणक सरळ अक्षराला ढकलून तिरपे करतो एवढेच. मराठीत मोठी लिपीही नाही. जोर द्यायला जाडी, आकार, रंग आणि मोकळी जागा एवढीच हत्यारे आहेत, आणि ती पुरेशी आहेत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे आठवा. नुसत्या अक्षराच्या वळणावरून नाटक गंभीर की विनोदी ते कळे.

१९८५ मध्ये ॲपलचा लेझर प्रिंटर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि ऑल्डस कंपनीचे पेजमेकर एकत्र आले आणि टेबलावरची छपाई, म्हणजे डीटीपी, सुरू झाली. भारतीय भाषांसाठी पुण्यात सीडॅक आणि मॉड्युलर इन्फोटेक यांनी फॉन्ट व कीबोर्ड घडवले. ‘श्रीलिपी’ हे नाव त्यातूनच घरोघर गेले. पण त्या काळच्या फॉन्टांत एक चलाखी होती. संगणकाला फक्त इंग्रजी खुणा माहीत असत, म्हणून इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. वर्तमानपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना त्यामुळेच असे. त्या काळातला बराच मजकूर आजही शोधयंत्राला सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो मराठी नाहीच.

युनिकोडने हे बदलले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. आता ‘क’ हा कुठल्याही फॉन्टमध्ये, कुठल्याही यंत्रावर ‘क’ च. संकेतांक म्हणजे अक्षराची ओळख आणि फॉन्ट म्हणजे त्याचे रूप, ही फारकत झाली. रुपयाच्या चिन्हाने ही फारकत डोळ्यांदेखत दाखवली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी केलेले ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी सरकारने स्वीकारले. त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात एका फॉन्टने ते चिन्ह कीबोर्डवरच्या उलट्या स्वल्पविरामासारख्या खुणेच्या जागी बसवून दिले होते. ज्याच्याकडे तो फॉन्ट नव्हता त्याला किमतीआधी नुसते एक तिरके टिंब दिसे.

युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क साठवला जातो, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर ती क च्या आधी दाखवायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, क आणि ष जोडून क्ष करायचा, ही कामे ‘शेपिंग’ करणारी आज्ञावली करते. ती चालू नसली की वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. फोटोशॉपच्या बऱ्याच आवृत्त्यांत यासाठी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय मुद्दाम निवडावा लागे. परराज्यांतल्या पाट्यांवर किंवा आयात मालाच्या वेष्टनावर मोडकी मराठी दिसते त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. कवी, सुलेखनकार आणि आयआयटीतले शिक्षक असलेल्या या माणसाचे अक्षर लक्षावधी सरकारी टेबलांवर पोहोचले, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

मराठीचे स्वतःचे वळणही आहे. आपला पाकळ्यांचा ल आणि आपला श हे हिंदीतल्या रूपांहून वेगळे. संकेतांक एकच, म्हणून रूप निवडायचे काम फॉन्टचे. संकेतस्थळाच्या पानावर भाषेची खूण ‘एमआर’ अशी लिहिली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो मराठी वळण आपोआप दाखवतो. अंध वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीलाही त्याच खुणेवरून भाषा कळते. ‘टायरो देवनागरी मराठी’ हा गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारा फॉन्ट तर मराठीसाठीच घडवलेला आहे. तरीही मराठी संकेतस्थळांच्या पानांवर इंग्रजीची खूण तशीच राहिलेली अनेकदा आढळते.

वेब डिझाइनकडे वळताना एक गोष्ट आधी मनातून काढून टाकावी लागते: पानाचा आकार. कागद किती मोठा हे छापखान्यात आधीच ठरते. संकेतस्थळ कुणी सहा इंची फोनवर उघडेल, कुणी कार्यालयातल्या रुंद पडद्यावर. त्यामुळे इथे पान काढायचे नसते, पानाने कसे वागावे याचे नियम लिहायचे असतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून वेब जगापुढे ठेवले. त्यातली एचटीएमएल ही खुणांची भाषा ‘हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा’ एवढेच सांगते. तो मथळा कोणत्या रंगाचा आणि किती मोठा, हे सांगणारी सीएसएस सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन वियुम ली यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि १९९६ अखेर ती प्रमाण झाली.

मोबाइलवर संकेतस्थळे आली तेव्हा पंचाईत झाली. २००७ च्या पहिल्या आयफोनने पाने ९८० पिक्सेल रुंद आहेत असे गृहीत धरून ती आक्रसून दाखवली, आणि आपण दोन बोटांनी मोठी करत वाचली. २०१० मध्ये एथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेचा लेख लिहिला: टक्क्यांत मोजलेले रकाने, त्यांच्याबरोबर लहान होणारी चित्रे आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारे नियम. ज्या रुंदीला मांडणी बदलते तो ‘ब्रेकपॉइंट’. इथला पिक्सेलही खराखुरा नसतो. फोनच्या काचेवर १,०८० पिक्सेल असले तरी अक्षरे मुंगीएवढी होऊ नयेत म्हणून तो स्वतःला ३६० पिक्सेलांचा म्हणवतो. त्यामुळे बोधचिन्ह व्हेक्टर म्हणून द्यावे, म्हणजे एसव्हीजी. ते कुठल्याही काचेवर स्वच्छ येते. फोटोला जेपीईजी चालते, पण दर वेळी जपून ठेवताना ते थोडी माहिती टाकून देते. पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर पीएनजी.

रंगांबद्दल वेबवर एक मोजता येण्याजोगा नियम आहे आणि मला तो फार आवडतो, कारण तो ‘मला आवडले, तुम्हाला नाही’ हा वाद संपवतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढायचे. पांढऱ्यावर काळे असेल तर ते २१ येते. साध्या मजकुराला किमान ४.५ हवे, असे वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. आता आपले आवडते रंग तपासा. पांढऱ्यावर शुद्ध पिवळे: १.०७, म्हणजे अदृश्यच. पांढऱ्यावर शुद्ध लाल: ४.०, नापास. वर सांगितलेल्या केशरीवर पांढरी अक्षरे: २.१. त्याच केशरीवर काळी अक्षरे: ९.९! भगव्यावर पांढरे लिहिण्याची आपली हौस किती महाग आहे ते या दोन आकड्यांत आले. उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला आणि मोतीबिंदू असलेल्या आजीला हा फरक लगेच कळतो.

राहिली ती मांडणी. आधी काय दिसावे, मग काय, शेवटी काय, हा क्रम ठरवण्याला ‘हायरार्की’ म्हणतात, आणि तो ठरवायला सॉफ्टवेअर लागत नाही, धीर लागतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक मोठा चेहरा, चार मध्यम आणि गोलांत कोंबलेले तीस छोटे चेहरे असतात, कारण एकालाही वगळायची हिंमत नसते. तिथे क्रम आहे, पण तो पाहणाऱ्यासाठी नाही, तिकिटासाठी आहे. लग्नपत्रिकेत तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता या तीन गोष्टींसाठी माणूस पत्रिका पुन्हा उघडतो, आणि नेमक्या त्याच वेलबुट्टीत हरवलेल्या असतात. मोकळी जागा ‘वाया गेली’ असे समजून तिथे गणपती, मंगलाष्टकाची ओळ आणि छोट्यांचा आग्रह भरला जातो. संकेतस्थळांची स्थिती निराळी नाही: संस्थेच्या पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो सरकत राहतो आणि प्रवेशअर्जाचा दुवा शोधावा लागतो. मजकुराचे चित्र करून टाकणे ही आणखी एक खोड. चित्रातला मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, मोठा केला की फुटतो, आणि त्याला पर्यायी मजकूर जोडला नसेल तर न पाहू शकणाऱ्यासाठी ती जागा कोरीच.

काम झाल्यावर पैसे देताना थोडे कठोर व्हा. छापखान्याला फाइल देताना फॉन्ट ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात; मग फॉन्ट नसला तरी बिघडत नाही, पण शुद्धलेखनाची एकही चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह केलेल्या पीडीएफबरोबर मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल, वापरलेल्या फॉन्टचे नाव आणि बोधचिन्हाची व्हेक्टर प्रत मागून घ्या. संकेतस्थळ असेल तर त्याचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर नोंदवला आहे आणि त्याचे नूतनीकरण कधी येते, ते आजच तपासा. डोमेन संस्थेच्याच नावावर हवा, तो करून देणाऱ्याच्या नव्हे.